धावणाऱ्याचा शीण आणि चूर्णाची बरणी

मी संस्कृतचा अध्यापक. धावण्याच्या शास्त्रावर मी बोलावे, हे ऐकून आमच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना हसू येईल, आणि तसे ते येणे योग्यच आहे. पण महाविद्यालयात जिमखान्याची जबाबदारी कोणावर तरी टाकावी लागते, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात ती पडते. तशी ती माझ्या गळ्यात पडली आणि काही वर्षे राहिली. त्या काळात माझ्या हातून एक चूक झाली. आज जे सांगावयाचे आहे ते सारे त्या चुकीतूनच निघाले आहे, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

२०१७ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. माण तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे शेवटच्या वर्षात शिकत होता. माण म्हटले की आपल्याला दुष्काळ आठवतो. पण त्याच तालुक्यातून ललिता बाबर धावत निघाली आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठून दहावी आली. त्यानंतर आमच्या भागातली पोरे कानात वारे शिरलेल्या वासरांसारखी रस्त्यावर उतरली. हा मुलगा त्यांतलाच, पण त्याच्या पायांत खरोखर काहीतरी होते. पाच हजार मीटर तो १५ मिनिटे ५० सेकंदांत पळे. विद्यापीठाच्या क्रॉसकंट्री संघात जावयाचे आणि सैन्यात भरती व्हावयाचे, हे दोन बेत. शिपाई म्हणून भरती होण्याची वयोमर्यादा तेव्हा एकवीस वर्षांची होती, आणि मार्चमध्ये त्याला एकविसावे पुरे होणार होते. म्हणजे हाती होते ते आठ महिने.

पहाटे पाचला तो एकटा बारा किलोमीटर धावे. सायंकाळी भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका केंद्रात जाऊन तिथल्या मुलांबरोबर पुन्हा जीव तोडून पळे. जुलैच्या अखेरीस मी घड्याळ लावले, तर १५-५० चे १६-३० झाले होते. मला म्हणाला, “सर, पाय लाकडाचे झाल्यागत वाटतात. व्यायाम कमी पडतोय बहुतेक.”

आता इथे माझी संस्कृतची पदवी आडवी आली. चरकसंहितेत दहा दहा औषधींचे गट सांगितले आहेत. त्यांतल्या बल देणाऱ्या गटात अश्वगंधा आहे आणि शरीर भरून आणणाऱ्या गटातही अश्वगंधा आहे. ओल्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा वास येतो म्हणून हे नाव. आणि लोकांनी पुढे जोडून दिले की घोड्याचे बळही येते. मी त्या मुलाला हे सारे समजावून सांगितले, चांगले वीस मिनिटे, आणि त्याच संध्याकाळी पदरचे पैसे घालून चूर्णाची एक बरणी आणून त्याच्या हाती दिली. “रोज दुधातून घे,” म्हणालो.

त्याने ती निष्ठेने घेतली. आणि सरांनीच बळाचे औषध दिले आहे, तेव्हा आता आणखी पळायला हरकत नाही, असे समजून रविवारी पंचवीस किलोमीटरची एक दौड वाढवली.

सप्टेंबरात वेळ १७-१० झाली. दोनदा सर्दीताप येऊन गेला. शांत स्वभावाचा पोर, तो खोलीतल्या सोबत्यांशी भांडू लागला. दिवसभर डोळे मिटत आणि रात्री मात्र टक्क जागा. त्याची आई फी भरावयास आली होती, ती सहज बोलता बोलता म्हणाली, “सर, पोरगं सुट्टीला घरी आलं की भिंतीला टेकून बसतंय नुसतं. एका भाकरीवर उठतंय. दुसरी वाढली तर म्हणतंय, अंग जड होईल.” मी दोन महिने घड्याळ पाहत होतो. तिने ताट पाहिले होते.

यानंतर मी त्याला डॉक्टरांकडे नेले, आणि मग स्वतःही वाचावयास बसलो.

ज्याला इंग्रजीत ओव्हरट्रेनिंग म्हणतात, त्याला आपण अतिश्रम म्हणू. मात्र एका दिवसाच्या थकव्यासाठी हा शब्द वापरावयाचा नाही. माणूस धावतो तेव्हा बळकट होत नसतो. धावताना तो मोडत असतो. पेशींना झालेली झीज पुढच्या विश्रांतीत भरून निघते आणि मूळच्यापेक्षा थोडी जास्त भरून निघते, एवढेच सरावाचे रहस्य. शेतकऱ्याला हे नव्याने सांगावे लागत नाही. पीक काढल्यावर रान काही काळ पडीक ठेवतात. काही दिवस मुद्दाम जास्त ताण द्यावा, वेळ घसरू द्यावी आणि मग आठपंधरा दिवस हलके करून उसळी घ्यावी, अशी पद्धतही जाणते प्रशिक्षक वापरतात. पण ती विश्रांती दिलीच नाही, तर घसरण आठवड्यांची होते. आणि तरीही ताण चालू ठेवला तर ती महिन्यांची होते, क्वचित वर्षांची. युरोपातील आणि अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या दोन मोठ्या संस्थांनी २०१३ साली मिळून जे निवेदन काढले, त्यात या तीन पायऱ्या अशाच सांगितल्या आहेत. त्यातच एक अडचणीची गोष्टही कबूल केली आहे. हा विकार दाखवून देणारी एकही रक्ततपासणी नाही. रक्तक्षय, थायरॉइड, काविळीसारखे किंवा क्षयासारखे आजार, अपुरे खाणे, ही सारी कारणे एकेक करून दूर सारावी लागतात. काहीच उरले नाही तर मग अतिश्रम म्हणावयाचे.

सकाळी उठल्यावर नाडी मोजावी, असा जुन्या प्रशिक्षकांचा नियम आहे. वाईट नाही, पण एकट्या नाडीवर विसंबता येत नाही, काहींची वाढते आणि काहींची उलट मंद होते. याहून भरवशाची खूण मनात असते. अमेरिकेत विल्यम मॉर्गन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विस्कॉन्सिन विद्यापीठातील पोहणाऱ्या खेळाडूंकडून वर्षानुवर्षे साध्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. १९८७ साली ते काम प्रसिद्ध झाले. सराव वाढत गेला की उत्साह खाली येतो, चिडचिड, उदासी आणि थकवा वर चढतो, आणि सराव उतरला की हे सारे पुन्हा मूळपदावर येते, असे त्याला दिसले. २०१६ सालच्या एका आढाव्यातही हेच निघाले: खेळाडूला नीट विचारले तर तो स्वतःच्या तोंडाने जे सांगतो, ते पुष्कळदा यंत्राने मोजलेल्या आकड्यांपेक्षा आधी आणि अधिक खरे असते. माझा विद्यार्थी सोबत्यांशी भांडत होता, तेव्हा तो मला काहीतरी सांगत होता. मी ते शिस्तीचे प्रकरण समजून त्याला बोललो होतो.

आता वनस्पतींकडे वळू. शीण घालवणारी मुळी सर्वांनाच हवी असते आणि ती केवळ आपल्याच देशाची हौस आहे असे नाही. सोव्हिएट रशियात लाझारेव्ह या शास्त्रज्ञाने १९४७ साली अशा द्रव्यांसाठी ‘अॅडाप्टोजेन’ हा शब्द काढला. कोणत्याही एका रोगावर नव्हे, तर एकंदर ताण सोसण्याची शरीराची ताकद जे वाढवते, ते अॅडाप्टोजेन. त्याचा शिष्य ब्रेखमन याने व्लादिवोस्तोकला बसून सैबेरियातल्या एल्युथेरोकॉकस नावाच्या काटेरी झुडुपावर वर्षानुवर्षे काम केले. जिनसेंग महाग आणि दुर्मिळ. हे झुडूप त्याच कुळातले आणि जंगलात मुबलक, म्हणून त्याचा शोध. पुढे ते ‘सैबेरियन जिनसेंग’ या नावाने जगभर विकले गेले आणि रशियन धावपटूंच्या यशाचे गुपित म्हणून गाजले. परंतु १९९६ साली अमेरिकेत चांगल्या तयारीच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंवर त्याची परीक्षा झाली. निम्म्यांना खरा अर्क, निम्म्यांना तशाच चवीचे पण निर्गुण पाणी. दोन्ही गटांत काही फरक निघाला नाही.

आपल्या अश्वगंधेची गोष्ट थोडी बरी आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१२ साली चाळीस भारतीय सायकलपटूंवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आठ आठवडे, दिवसातून दोनदा पाचशे मिलिग्रॅम. ज्यांनी मुळी घेतली त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता आणि दमेपर्यंत पळण्याची वेळ, दोन्ही वाढली. त्याच वर्षी तणावाखाली असलेल्या चौसष्ट माणसांवर दुसरा प्रयोग झाला, त्यात कोर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण उतरले. झोपही काहीशी सुधारते, असे नंतरच्या काही प्रयोगांत दिसले. वनस्पतीशास्त्रज्ञांनी तिचे आडनाव ‘सोम्निफेरा’, म्हणजे निद्रा आणणारी, असे ठेवले आहे. तेव्हा हे नाव ठेवणाऱ्यांनाही कोणाकडून तरी ते ठाऊक झालेले दिसते.

मग माझे चुकले कोठे? हे प्रयोग लहान आहेत, हा एक भाग झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते ज्या खेळाडूंवर झाले ती धडधाकट माणसे होती. धडधाकट माणसाची शक्ती थोडी वाढणे वेगळे आणि अतिश्रमाने खालावलेल्याने पूर्ववत होणे वेगळे. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खिशात घालता येत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठात हे शिकवतात, आणि मी तो पाठ स्वतः शिकवलेला आहे. शिवाय थकवा ही शरीराने पाठवलेली चिठ्ठी असते. ती चिठ्ठी दडवणारे औषध खरोखर मिळाले असते, तर त्या मुलाचे काय झाले असते याचा विचार करून मला आजही बरे वाटत नाही.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही आपली आणखी एक समजूत. अश्वगंधा घेतल्यानंतर कावीळ होऊन यकृताला इजा झाल्याची काही उदाहरणे आइसलंड, अमेरिका आणि आपल्या देशातूनही वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. ती थोडी आहेत. बहुतेक रुग्ण औषध थांबवल्यावर बरे झाले, पण सगळे नव्हेत. थायरॉइडच्या रुग्णाने तर ती विचारल्याशिवाय घेऊच नये. डेन्मार्कने २०२३ साली अश्वगंधा असलेल्या पदार्थांवर बंदीच घातली. ती बंदी मला जरा जास्तीची वाटते. पण ‘आपल्या आजीच्या काळापासून घेतात’ एवढे म्हणून हा विषय झटकता येणार नाही. आजी बाजारातल्या तीव्र अर्काच्या गोळ्या घेत नव्हती, आणि रोज सत्तावीस किलोमीटर धावतही नव्हती.

खेळाडूला तर आणखी एक धोका आहे. २०११ सालचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. दिल्लीच्या २०१० सालच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी चार गुणिले चारशे मीटर रिलेत सुवर्णपदक जिंकले, आणि पुढल्याच उन्हाळ्यात त्या चौघींपैकी तिघी, इतर काहींबरोबर, उत्तेजकांच्या चाचणीत सापडल्या. त्यांचे म्हणणे असे की, परदेशी प्रशिक्षकाने चीनमध्ये विकत घेतलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून हे स्टिरॉइड अंगात गेले. आपल्याकडच्या चौकशी मंडळाने त्यांचा दोष फार मोठा नाही असे मानून एक वर्षाची बंदी घातली. २०१२ साली आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. म्हणजे गोळी कोणी दिली याला तिथे फारशी किंमत नाही. ज्याच्या लघवीत सापडले, त्याने उत्तर द्यावयाचे. आणि अशी भेसळ दुर्मिळ आहे असेही नाही. जर्मनीतील कलोनच्या प्रयोगशाळेने तेरा देशांतून पूरक पदार्थांचे ६३४ नमुने गोळा केले होते. वेष्टणावर उल्लेख नसलेली स्टिरॉइडे त्यांतल्या ९४ नमुन्यांत निघाली. २००४ साली हे प्रसिद्ध झाले. कधी कधी तर भेसळसुद्धा लागत नाही, वनस्पतीतले मूळ द्रव्यच यादीत असते. काही वनस्पतींत आढळणारे हायजेनामाइन हे २०१७ पासून जागतिक यादीत नावानिशी आहे. आमचा मुलगा विद्यापीठाकडून धावणार होता. मी आणलेल्या बरणीत काय होते, हे मला ठाऊक नव्हते. आजही नाही.

एवढे झाल्यावर मी पुन्हा चरकाकडे गेलो. जरा खजील होऊन गेलो म्हणा ना. आणि ज्या अध्यायात अश्वगंधा सापडली होती त्याच अध्यायात, थोडे पुढे, एक गट दिसला. तो मी पूर्वी वाचला होता, पण त्याकडे पाहिले नव्हते. त्याचे नाव श्रमहर, म्हणजे शीण घालवणारा. मला वाटले, यात तरी कोणती दिव्य मुळी असेल. तर द्राक्षे, खजूर, चारोळी, बोरे, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठी भात. बस, एवढेच. अश्वगंधा या गटात नाही! जी माझ्या मुलाला हवी होती ती यादी ही होती, आणि मी त्याला दुसऱ्याच पानावरचे औषध दिले होते.

यादी नीट पाहा. चारोळी सोडली तर सगळे गोड फळफळावळ, रस आणि धान्य आहे. आजचे शास्त्र सांगते की लांब धावणाऱ्याचे मुख्य इंधन म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन. ते पिष्टमय आणि गोड पदार्थांतूनच भरून निघते आणि रोज भरावे लागते. दिवसाला तासभर नेमाने पळणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे पाच ते सात ग्रॅम पिष्टमय अन्न लागते; दोन-तीन तास करणाऱ्याला सहा ते दहा. आमच्या मुलाचे वजन पंचावन्न किलो. म्हणजे कमीत कमी तीनशे तीस ग्रॅम. ज्वारीच्या मोठ्या भाकरीत सत्तरएक ग्रॅम मिळतात. तो दोन वेळा मिळून दोन भाकरी खात होता, वर मूठभर भात, आणि मी दिलेले चूर्ण घातलेले दूध. हिशेब कोठेच जुळत नव्हता. हलका राहिलो की वेगाने पळेन, या समजुतीने तो मुद्दाम उपाशी राहत होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या उपासमारीला स्वतंत्र नाव देऊन ठेवले आहे. हाडे, रक्त, संप्रेरके, मनःस्थिती, सगळ्यांवर तिचा परिणाम होतो, आणि वरून पाहिले तर ती हुबेहूब अतिश्रमासारखी दिसते. दोन्ही एकत्रही नांदतात.

चरकाला ग्लायकोजेन माहीत होते, असा दावा मी करणार नाही. असे दावे वर्गात केले की मुले टाळ्या वाजवतात आणि परीक्षेत तेच लिहून ठेवतात. उन्हातान्हात चालून आलेल्या वाटसरूला कशाने तरतरी येते, हे शेकडो वर्षे पाहून कोणीतरी नोंदले, इतकेच. पण पाहून नोंदले होते, हे काय कमी आहे?

आपल्या ग्रंथांत व्यायामाचे मापही सांगितले आहे. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही म्हणतात की आपल्या शक्तीच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करावा. कपाळाला, नाकाला, काखेत घाम फुटला आणि तोंडाला कोरड पडली की अर्धे झाले असे समजावे. हा नियम निरोगी राहू इच्छिणाऱ्या गृहस्थासाठी आहे, शर्यत जिंकणाऱ्यासाठी नव्हे, हे उघड आहे. तरी गंमत अशी की, स्टीफन सायलर या संशोधकाने जगातल्या उत्तम सहनशक्तीच्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्या दर दहा सत्रांतली सुमारे आठ सत्रे अगदी सोपी, बोलत बोलत करता येतील अशी निघाली. जीव तोडून पळण्याची फक्त दोन. आमचा मुलगा आठवड्यातून सहा संध्याकाळी जीव तोडून पळत होता.

डॉक्टरांच्या तपासणीत त्याचा रक्तक्षय थोडा निघाला, बाकी काही नाही. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चूर्ण बंद केले आणि सहा आठवडे धावणे पूर्ण बंद करावयास सांगितले. हे शेवटचे सांगताना मुलाचा चेहरा असा झाला की जणू कोणी गेल्याची बातमी आली. “सर, मार्च येतोय,” एवढेच म्हणाला. मी काय बोलणार? वसतिगृहात त्याच्या ताटाकडे लक्ष ठेवण्याचे काम मी मेसच्या मावशींना सांगितले. त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगले केले. आईने शेंगदाण्याचे लाडू पाठवले, गूळ पाठवला. तीन आठवडे तो नुसता झोपला. मग चालू लागला. दिवाळीनंतर वीस मिनिटे हळूहळू पळाला आणि परत येऊन म्हणाला, “पाय आपले वाटले आज.” पहिली वेळ पुन्हा गाठावयास त्याला एप्रिल उजाडला. क्रॉसकंट्रीचा संघ त्याच्याशिवाय गेला, आणि सैन्याची वयोमर्यादा त्याच्याशिवाय उलटून गेली.

हे दुसरे नुकसान मोठे होते आणि त्यातला काही वाटा माझा आहे. जुलैच्या अखेरीस चूर्णाऐवजी विश्रांती दिली असती तर तो चार-सहा आठवड्यांत सावरला असता का? कदाचित. पुढे तो वनरक्षकाच्या परीक्षेला बसला. तिथे पाच किलोमीटर धावावे लागते, ते त्याला फार जड गेले नाही. आता तो जंगलात नोकरीला आहे. आमची भेट होते तेव्हा तो ती बरणी काढून मला चिडवतो. मी चिडवून घेतो.

ज्यांच्या घरात भरतीसाठी किंवा शर्यतीसाठी धावणारी मुले आहेत, त्यांच्यासाठी थोडे कामाचे सांगतो. दोन आठवडे हलके करूनही वेळ सुधारत नसेल, झोप मोडत असेल, सर्दीताप पुन्हा पुन्हा येत असेल, मुलींची पाळी चुकत असेल, तर सराव वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. एक साधी वही घाला. रोज सकाळी तीन गोष्टी लिहावयाच्या: झोप कशी झाली, मन कसे आहे, काल काय खाल्ले. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. आणि एवढे करूनही कोणाला काढा किंवा चूर्ण घ्यावयाचेच असेल, तर ते वैद्यांना दाखवून, घेत असलेल्या इतर औषधांची नावे सांगून घ्यावे. चाचण्या होतात अशा स्पर्धेत उतरणाऱ्याने आधी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे चौकशी करावी, आणि घेतलेच तर त्या बरणीचे वेष्टन व पावती जपून ठेवावी. मूठभर खजूर आणि उसाचा रस यांना मात्र कोणाची परवानगी लागत नाही.